उतरत गेलेले वॅट : हिवाळ्यातील घरगुती सायकल-सरावाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील सायकलस्वार ४३ वर्षांच्या असून त्यांची नोकरी बैठ्या कामाची आहे. पाच वर्षे त्या नियमित सायकल चालवत आहेत. त्यांच्या संमतीने हे प्रकरण मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातील ३०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल-फेरी, पूर्ण करणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. या अंतराला २० तासांची कालमर्यादा असते. त्याआधी त्यांनी २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांच्या मर्यादेत दोनदा पूर्ण केली होती. म्हणजे त्या नवख्या नव्हत्या. मी त्यांचा सराव आखून देत होतो आणि आठवड्यातून एकदा आमचे बोलणे होत असे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात त्यांच्याकडे रस्त्यावर बर्फ असतो आणि कामावरून परतेपर्यंत अंधार पडतो. त्यामुळे चार महिने सराव घरातच करायचा, हे दोघांनाही मान्य होते. त्यांच्याकडे मागचे चाक रुळावर दाबून बसणारा स्मार्ट ट्रेनर, म्हणजे सायकल एका जागी धरून ब्रेकने भार देणारे यंत्र, होता. चांगली सायकल घामाने खराब होऊ नये म्हणून त्यांनी ट्रेनरवर जुनी सायकल चढवली. पॉवर मीटर (पायांची ताकद वॅटमध्ये मोजणारे उपकरण) असलेली पेडल्स चांगल्या सायकलीवरच राहिली. त्या वेळी मलाही हा निर्णय शहाणपणाचा वाटला होता. पुढचा सगळा घोळ मात्र तिथूनच सुरू झाला.

ऑक्टोबरमध्ये रस्त्यावर घेतलेल्या २० मिनिटांच्या चाचणीत पेडल्सनी सरासरी २०६ वॅट दाखवले होते. प्रचलित रीतीप्रमाणे त्याचे ९५ टक्के धरून एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी ताकद, १९६ वॅट ठरवली. घरातल्या सरावाचे सगळे आकडे मी याच १९६ वरून काढले.

अडचण

आठवड्यातून दोन दिवस मुख्य सराव होता : २० मिनिटांचे दोन इंटरव्हल (सलग जोर लावायचे टप्पे), एफटीपीच्या ९० टक्क्यांवर, म्हणजे १७६ वॅटवर, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. ट्रेनर अर्ग मोडमध्ये होता. या मोडमध्ये आकडा एकदा ठरवून दिला, की स्वार पाय कितीही वेगाने फिरवो, ट्रेनर स्वतःच ब्रेक कमीजास्त करून तेवढेच वॅट कायम राखतो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही इंटरव्हल पूर्ण झाले, पण त्यांच्या नोंदीत ‘फार जड गेले’ असा शेरा होता. तिसऱ्या आठवड्यात दुसरा इंटरव्हल चौदाव्या मिनिटाला तुटला, चौथ्या आठवड्यात आठव्या मिनिटालाच. तुटण्याची तऱ्हा दर वेळी सारखीच होती. आधी हृदयाचे ठोके वॅट न वाढताच चढत जात, मग केडन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) ८८ वरून ८० वर, तिथून ७० वर घसरे, आणि त्यानंतर मिनिटाभरात पाय थांबत. केडन्स घसरल्यावर अर्ग मोड स्वाराला सावरू देत नाही. १७६ वॅट ८८ केडन्सवर मारताना क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) सुमारे १९.१ न्यूटन-मीटर इतका पीळ लागतो, तर तेच वॅट ६० केडन्सवर मारायला सुमारे २८. दमलेला माणूस पाय हळू करतो, यंत्र पेडल आणखी जड करते आणि पाय आणखी हळू होतात. त्यामुळे पंधरा सेकंद दम खाऊन पुढे जाण्याची, रस्त्यावर सहज मिळणारी सवलत येथे मिळत नाही.

त्यांनी स्वतः काढलेला निष्कर्ष सरळ होता : रस्ता सुटल्यापासून तब्येत उतरते आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी मला मॅथ्यू हेमन या व्यावसायिक सायकलपटूचे उदाहरण पाठवले. फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस एका शर्यतीत हेमनचा हात मोडला, पुढचे काही आठवडे त्याने घरात ट्रेनरवर सराव केला आणि १० एप्रिल २०१६ रोजी पॅरिस–रूबे ही नामांकित शर्यत जिंकली. ‘त्यांना जमतं, म्हणजे माझे तास कमी पडतात,’ असे त्यांनी खाली लिहिले होते. चार दिवसांच्या आखणीत त्यांनी आपणहून पाचवा दिवस घातला. दहा दिवसांत सीटवर बसणे असह्य होऊ लागले. रस्त्यावर सायकल अंगाखाली थोडी डोलते, खड्डा आला की आपण नकळत उचलले जातो. ट्रेनरवर घट्ट आवळलेल्या सायकलीवर मात्र तासभर त्याच दोन जागांवर सगळा भार राहतो.

पहिला निर्णय आणि तो का फसला

अशा वेळी प्रशिक्षक सहसा जे करतात तेच मी केले आणि एफटीपी कमी केली. घरात लोकांचे वॅट रस्त्यापेक्षा कमी भरतात, हे सर्वांना ठाऊक असते, आणि तेवढ्यावर समाधान मानून मी १९६ चे १८१ केले. मुख्य इंटरव्हल आता १६३ वॅटवर आले. पुढचे दोन सराव पूर्ण झाले. त्यांचा हुरूप वाढला, आणि खरे सांगायचे तर माझाही.

तिसऱ्या सरावात ठोके पुन्हा चढले. चौथा सराव, डिसेंबरच्या मध्यावर, अठराव्या मिनिटाला तुटला. तब्येत आठ टक्क्यांनी उतरली असती, तर नव्या आकड्यावर प्रकृती स्थिर राहायला हवी होती. ती तशी राहिली नाही. वॅट कमी केल्यावरही घसरण जुन्याच चालीने सुरू राहते, याचा अर्थ घसरणारी वस्तू दुसरीच असावी, ही शंका मला तेव्हा आली. ती एक आठवडा आधी यायला हवी होती.

मी त्यांना सराव चालू असताना व्हिडिओ कॉल लावून ठेवायला सांगितले. खोली लहान होती, खिडकी बंद होती, कोपऱ्यात टेबल फॅन होता पण बंद. पंचविसाव्या मिनिटाला सायकलच्या पुढच्या नळीवरून घामाचे थेंब ओघळत होते आणि खालच्या चटईवर काळपट ओला डाग पसरला होता. खिडकी बंद का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, पहिली दहा मिनिटं कुडकुडायला होतं. आणि नंतर उतरून उघडायची म्हणजे इंटरव्हल मोडतो.” खोली सुरुवातीला थंड असते आणि घाम खोली तापल्यावर येतो. मधला बदल घडतो तेव्हा स्वार सायकलवर अडकलेला असतो.

उतरल्यावर मी सहज म्हणून मागचा टायर दाबून बघायला सांगितले. त्यांनी अंगठा टेकवला आणि तो आत गेला. पंपाच्या काट्याने ६२ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाखवले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात १०० भरून ट्रेनरचे कॅलिब्रेशन (मोजणी जुळवणे) केले होते, त्यानंतर हवा भरलीच नव्हती. रस्त्यावर निघताना या बाई दर वेळी हवा तपासतात. घरात ‘निघणे’ नसल्यामुळे ती सवयही सुटली होती.

हवेचा आणि वॅटचा संबंध

अशा ट्रेनरवर चाक दोन ठिकाणी ताकद खाते : ट्रेनरच्या ब्रेकमध्ये आणि टायर रुळावर चेपला जातो तिथे. ब्रेकमध्ये किती गेली हे यंत्राला कळते. टायरमध्ये किती गेली, ते यंत्र कॅलिब्रेशनच्या वेळी ठरवते : चाक वेगात फिरवून सोडायचे आणि ते थांबायला किती वेळ लागतो ते मोजायचे. टायर कडक असताना केलेले कॅलिब्रेशन ‘येथे थोडेच वाया जाते’ असे नोंदवून ठेवते. पुढे टायर मऊ पडला, जास्त चेपला जाऊ लागला, तरी यंत्र जुनाच हिशेब धरून चालते. परिणामी पडद्यावर दिसणारे वॅट खऱ्या वॅटपेक्षा कमी असतात आणि अर्ग मोडमध्ये स्वाराकडून ठरल्यापेक्षा जास्त काम करून घेतले जाते. हवा रोज थोडी थोडी उतरत असल्यामुळे ही तफावतही रोज थोडी वाढते. तब्येत हळूहळू उतरते आहे असा भास व्हायला याहून चोख व्यवस्था मुद्दाम करायची म्हटली तरी जमणार नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय नवीन, मागचे चाक काढून थेट चेन जोडायचा ट्रेनर घेण्याचा होता. त्यात टायरच नसल्याने हवेचा प्रश्न मिटला असता. त्यांची तयारी होती, मी थांबवले; कारण उकाड्याचा प्रश्न त्याने सुटला नसता आणि खर्च करून झाल्यावर ते कबूल करणे दोघांनाही जड गेले असते.

दुसरा पर्याय घरातला सराव थांबवून फक्त शनिवार-रविवार बाहेर जाण्याचा होता. बर्फाळ रस्त्यावरचा धोका पाहता तो फार वेळ चर्चेत राहिला नाही.

तिसरा पर्याय अर्ग मोड बंद करून, ठोके आणि श्रमाची जाणीव यांवर सराव करण्याचा होता. हा मला आजही चांगला वाटतो. पण त्यांचा आकड्यांवर जीव होता आणि आकडा खोटा ठरला या धक्क्यातून त्या अजून सावरत होत्या. त्यामुळे आकडे काढून टाकण्याऐवजी आधी ते खरे करावेत असे ठरले.

चौथा पर्याय रोलर्सचा होता. एका ओळखीच्या स्वाराकडे पडून असलेला संच उसना मिळणार होता. रोलर्सवर सायकल कुठेही बांधलेली नसते. मागच्या चाकाखाली दोन आणि पुढच्याखाली एक असे तीन रूळ असतात, मागचा एक रूळ पट्ट्याने पुढच्याला जोडलेला असल्याने दोन्ही चाके फिरतात, आणि तोल स्वाराला स्वतःच सांभाळावा लागतो. माझे मत असे होते की कठीण इंटरव्हल ट्रेनरवरच राहावेत आणि हलका सराव रोलर्सवर न्यावा. शेवटी तेच केले, पण आधी आकडे आणि खोली यांचा निकाल लावून.

प्रत्यक्ष कृती

सगळे एकदम बदलायचा मोह होता. तो टाळला, कारण मग नेमके कशाने काय झाले हे कळले नसते.

सर्वप्रथम चांगल्या सायकलीची पेडल्स जुन्या सायकलीवर बसवली. हे दहा मिनिटांचे काम होते, त्यातली पाच मिनिटे डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे आठवण्यात गेली. टायरला हात न लावता त्या दहा मिनिटे चालवत राहिल्या : पडद्यावर ट्रेनर १६३ वॅट सांगत होता, पेडल्स १७८. म्हणजे मी कागदावर जे आठ टक्के कमी केले होते, ते मऊ टायरने जवळजवळ सगळे परत घेतले होते आणि बाई मूळच्याच १७६ च्या आसपास राबत होत्या. मग १०० पीएसआय हवा भरली, दहा मिनिटे चाक तापवले आणि नव्याने कॅलिब्रेशन केले. आता ट्रेनरच्या १६३ ला पेडल्स १६७ दाखवू लागली. एवढा फरक राहणारच. पेडलपासून चाकापर्यंत येताना चेन आणि गिअर थोडी ताकद खातात.

त्यानंतर खोली. पेडल्सच्या मोजणीनुसार १५० वॅटवर ४० मिनिटे, एकदा नेहमीप्रमाणे खिडकी-पंखा बंद ठेवून आणि दोन दिवसांनी खिडकी किलकिली व पंखा छातीवर रोखून, असे दोन सराव केले. पहिल्यात शेवटी ठोके १५८ होते, दुसऱ्यात १४६. आधी-नंतरचे वजन आणि मधे प्यालेले पाणी हिशेबात धरून घाम पहिल्यात सुमारे १.२ लिटर आणि दुसऱ्यात ०.७ लिटर गेला.

यामागचे गणित सोपे आहे. सायकल चालवताना शरीर जी ऊर्जा जाळते, तिच्यातला साधारण २० ते २५ टक्के भागच पेडलपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होते. १५० वॅटच्या सरावात स्वार खोलीत ४५० ते ६०० वॅटची उष्णता सोडत असतो. छोटा हीटरच म्हणा. रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना सेकंदाला आठ मीटरहून जास्त वारा अंगावर येतो आणि घाम सुकवतो. बंद खोलीत तो वारा नसतो, घाम अंगावरून नुसता गळतो आणि गळणारा घाम शरीर थंड करत नाही. मग थंड होण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, घामाने त्याचे प्रमाणही घटते आणि तेवढेच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात.

पंख्याचा प्रश्न त्यांनीच सोडवला. हातातल्या रिमोटवर चालणारा प्लग लावून पंखा सायकलवरूनच सुरू करता येईल असे केले आणि पहिली दहा मिनिटे अंगात जुने जाकीट ठेवले. दर दहा मिनिटांनी पाऊण मिनिट उभे राहून पेडल मारायचे, हे सीटच्या त्रासासाठी ठरवले. पाचवा दिवस रद्द केला. त्यावरून आमचा थोडा वाद झाला.

रोलर्स जानेवारीत आले. पहिले तीन दिवस दाराच्या चौकटीत, दोन्ही बाजूंना कोपर टेकेल अशा जागी. नजर पुढच्या चाकावर न ठेवता दोन-तीन मीटर पुढे जमिनीवर, गिअर थोडा जड, म्हणजे चाकांना वेग राहतो आणि सायकल स्थिर होते. चौथ्या दिवशी त्या पडल्या. पाण्याची बाटली घ्यायला एक हात सोडला, त्याच क्षणी पाय हळू केले आणि पुढचे चाक रुळाच्या कडेवरून खाली आले. नवख्यांना भीती असते तशी सायकल उधळून भिंतीवर जात नाही. ती पुढे जातच नसते, फिरत्या चाकांत असतो तेवढाच वेग असतो. पण कोपर चौकटीवर आपटले आणि आठवडाभर निळे होते. नंतर पाहिले तर पुढचा रूळ चाकाच्या आसापेक्षा बराच मागे लावला गेला होता. तो आसाच्या खाली किंवा किंचित पुढे असावा लागतो, मागे असला तर हँडल फारच चंचल होते. संच आधी ज्याचा होता त्याची सायकल आखूड होती आणि रूळ हलवायला मी सांगितले नव्हते.

फेब्रुवारीपर्यंत त्या रोलर्सवर सलग ४५ मिनिटे सहज चालवू लागल्या. सीटचा त्रास तिथे जवळजवळ नव्हता, कारण तोल सांभाळताना शरीर सतत थोडे हलत राहते. आणखी एक गोष्ट दिसली जी ट्रेनर लपवत होता : दमल्यावर त्या उजव्या पायाने झटका देत, त्याबरोबर चाक रुळावर एका बाजूला सरके आणि आवाजाची लय तुटे. मला फोनवरूनही तो आवाज ओळखू येऊ लागला.

परिणाम

फेब्रुवारीच्या अखेरीस घरातच, पंखा लावून, पेडल्सवर मोजलेली २० मिनिटांची सरासरी २१४ वॅट आली. म्हणजे एफटीपी २०३. नोव्हेंबरमध्ये तुटणारे १७६ वॅटचे दोन इंटरव्हल पूर्ण होऊ लागले आणि दुसऱ्यात ठोक्यांची चढ १६ वरून ६ वर आली. त्यातला किती वाटा खोलीचा आणि किती दोन महिन्यांच्या सरावाचा, हे वेगळे करता येत नाही. खिडकी उघडी-बंद ठेवून केलेली तुलनाही एकेकदाच झाली होती.

ब्रेव्हे त्यांनी १६ तास ४० मिनिटांत पूर्ण केली. पायांनी तक्रार केली नाही. १८० किलोमीटरनंतर मान आणि तळहात मात्र इतके दुखू लागले की शेवटच्या टप्प्यात त्या दर अर्ध्या तासाला थांबत होत्या. उतारावरच्या वळणांवर, चार महिने ब्रेकला हातच न लावल्यामुळे, पहिले दोन तास त्या बिचकत होत्या असे त्यांनी नंतर सांगितले.

वेगळे काय करता आले असते

पेडल्स पहिल्याच दिवशी ट्रेनरवरच्या सायकलीवर बसवायला हवी होती आणि घरातली चाचणी घरातच घ्यायला हवी होती. रस्त्यावर एका मीटरने मोजलेला आकडा घरात दुसऱ्या मीटरला लावणे, हीच मूळ चूक.

एफटीपी कमी करण्याच्या निर्णयाकडे मी जास्त वेळा परत जातो. तो निर्णय निराधार नव्हता, आणि दोन सराव पूर्ण झाल्यामुळे तो बरोबरही वाटला. पण त्याआधी मी त्यांना तीन प्रश्न विचारले नव्हते : हवा शेवटची कधी भरली, कॅलिब्रेशन कधी केले, पंखा चालू असतो का. तिन्ही मिळून एक मिनिट लागले असते. आता नवीन स्वाराच्या पहिल्याच आठवड्यात मी हे विचारतो आणि हवा दर सरावाआधी, कॅलिब्रेशन दर आठवड्याला तापल्यावर, हे वेळापत्रकातच लिहितो.

घरातल्या सर्वांत लांब सरावाची वेळ अडीच तास होती. सोळा तासांच्या तयारीला ती मानेसाठी आणि हातांसाठी पुरेशी नव्हती. रस्ते मार्चच्या मध्यावर मोकळे झाले होते आणि तेव्हा मी इंटरव्हल चालू ठेवले, कारण आकडे चांगले येत होते. त्यांतले दोन शनिवार तरी बाहेर सहा-सात तासांना द्यायला हवे होते.

राहता राहिली जुनी सायकल. ती मुद्दाम बळी दिलेली होती, तरी मार्चमध्ये हँडलबारची टेप उलगडल्यावर आत ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरलेली आणि स्टेमचे दोन बोल्ट गंजून अडकलेले निघाले. हँडलबार बदलावा लागला. पुढच्या नोव्हेंबरसाठी त्यांनी आडव्या नळीवर टाकायला टॉवेल आणि पंपाजवळच्या भिंतीवर टांगायला एक वही आणली आहे. वहीत फक्त दोन रकाने आहेत : तारीख आणि पीएसआय.